फुकट ते पौष्टिक? – सिनेमाच्या मोफत तिकिटाचा ताळेबंद



आपले हे पान आरोग्याचे आणि अर्थाचे. त्यामुळे 'फुकट ते पौष्टिक' ही आपल्याकडची लाडकी म्हण इथे दोन्ही अंगांनी तपासून पाहायला हरकत नाही. तपासणीसाठी मी एक अगदी साधी वस्तू निवडली आहे, ती म्हणजे सिनेमाचे फुकट तिकीट.

आता यात अभ्यास कसला, असे वाटेल. पण इथे झिंडेलफिंगेनमध्ये राहताना वर्षभरात ही फुकट तिकिटे किती वाटांनी घरात येतात ते आठवून पाहा. कधी एखाद्या मासिकाच्या वर्गणीबरोबर दोन तिकिटे भेट मिळतात. कधी वीजकंपनी बदलल्याबद्दल कूपन येते, तर कधी कारखान्यातून महिन्याचे भेटपत्र मिळते. एखाद्या सोडतीत नाव निघते. भारतातल्या भाचरांचा निरोप येतो की अमुक सिनेमाला एकावर एक तिकीट फुकट आहे. आणि आपल्याच मंडळाचा मराठी चित्रपट लागला की कार्यकर्त्यांना हमखास ऐकू येते, "आम्हांला पास ठेवलाय ना?"

या सगळ्या तिकिटांबाबत एकच प्रश्न विचारायचा आहे: पैसे कोणी भरले, आणि कशासाठी? सिनेमागृहाचे भाडे, वीज, नोकरांचा पगार, चित्रपटाचा खर्च हे काही आपोआप फिटत नाहीत. तिकिटावर शून्य छापलेले असले तरी कोणीतरी ते विकत घेतलेलेच असते. तो कोण हे कळले की आपण घ्यायचे की नाही, आणि मंडळ म्हणून वाटायचे की नाही, हे ठरवणे सोपे जाते.

१. फाळक्यांची दोन उदाहरणे

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. १९१२ साली दादासाहेब फाळके आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परत आले. आता चित्रपट काढायचा तर भांडवल हवे. सावकार काही नुसत्या बोलण्यावर पैसे देणार नव्हते. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, रोज थोडे थोडे चित्रण केले आणि रोप वाढतानाची छोटीशी फिल्म तयार केली. ती 'अंकुराची वाढ' त्यांनी निवडक मंडळींना दाखवली. पाहणाऱ्यांना एक पैसा पडला नाही, पण त्यातून भांडवल देणारी माणसे पुढे आली. फुकट खेळ कोणाला दाखवायचा याची ही उत्तम निवड होती. प्रेक्षक मोजके होते आणि त्यांच्याकडून काय हवे हे फाळक्यांना नेमके ठाऊक होते.

दुसरा प्रसंग 'राजा हरिश्चंद्र'चा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात तो प्रदर्शित झाला. मुंबईत चालला, पण पुढे सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला अवघा तीन रुपयांचा. तिथला प्रेक्षक थोड्या पैशांत पाचसहा तासांचे नाटक पाहायला सरावलेला, तो तीन आणे मोजून तास-दीड तासाचा खेळ कशाला पाहील? अशा वेळी दुसऱ्या कोणी दार फुकट उघडले असते. फाळक्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सगळे फक्त तीन आण्यांत! गर्दी झाली.

या दोन प्रसंगांत आपल्या विषयाचे सार आहे. ज्याच्याकडून पुढे मोठे काम व्हायचे आहे त्याला फुकट दाखवावे. ज्याला वस्तूची किंमत कळलेली नाही त्याला मात्र आधी किंमत समजावून सांगावी.

२. एकावर एक फुकट: दुसऱ्याचे पैसे कुठून येतात?

आता शंभर वर्षे पुढे येऊ. २ जून २०२३ रोजी लक्ष्मण उतेकर या मराठी दिग्दर्शकाचा 'जरा हटके जरा बचके' हा हिंदी चित्रपट भारतात लागला. स्वतःचे घर मिळवण्यासाठी धडपडणाऱ्या मध्यमवर्गीय जोडप्याची ही गोष्ट. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी निर्मात्यांनी एका तिकिटावर एक फुकट दिले. चित्रपट बऱ्यापैकी चालला. त्याच वर्षी 'जवान' ७ सप्टेंबरला लागला. त्याची गर्दी प्रचंड होती, तरी चौथ्या आठवड्यात, २८ ते ३० सप्टेंबर असे तीन दिवस, त्यालाही एकावर एक तिकीट देण्यात आले.

पहिला चित्रपट नवा होता, त्याला चर्चा हवी होती. दुसऱ्याची चर्चा होऊन गेली होती, त्याला रिकाम्या होऊ लागलेल्या खुर्च्या भरायच्या होत्या. युक्ती एकच, हेतू दोन.

या युक्तीचा हिशेब समजायला तिकिटाच्या पैशांची वाटणी माहीत हवी. भारतात शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. कर वजा जाता उरलेल्या रकमेत सिनेमागृह आणि वितरक यांची भागी. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात दोन महिने भांडण चालले होते. त्यानंतर जी तडजोड झाली तीत वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यापुढे ३० टक्के असा ठरला.

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा तिकीट २०० रुपयांचे आहे आणि आठवडा पहिला. कर सुमारे ३० रुपये ५० पैसे. उरले १६९ रुपये ५० पैसे. त्यातले निम्मे, म्हणजे सुमारे ८५ रुपये, निर्मात्याच्या बाजूला गेले. वितरकाचे कमिशन तूर्त बाजूला ठेवू. एकावर एक योजनेत सिनेमागृहाला सहसा दोन्ही तिकिटांचे पैसे मिळतात. दुसऱ्याचे २०० रुपये निर्माता किंवा तिकीट विकणारी कंपनी भरते. निर्मात्याने भरले असे धरू. त्याला दोन तिकिटांचे मिळून १६९ रुपये ५० पैसे मिळाले आणि खिशातून गेले २००. म्हणजे दर जोडीमागे साडेतीस रुपयांचा तोटा!

मग हा शहाणा माणूस तोटा का सोसतो? कारण त्या साडेतीस रुपयांत तो दोन बोलकी तोंडे विकत घेतो. ती सोमवारी कचेरीत आणि शेजारी सांगतात, "बरा आहे सिनेमा, जाऊन या." दुसरे असे की गल्ल्याच्या आकड्यात दोन्ही तिकिटे धरली जातात. वर्तमानपत्रात 'इतके कोटी' असे वाचले की इतरांना वाटते, आपणच मागे राहिलो. आवळा देऊन कोहळा काढणे ते हेच. कोहळा निघाला तर ठीक. चित्रपटच वाईट असेल तर फुकटात आलेली दोन्ही तोंडे तेवढ्याच उत्साहाने वाईट सांगतात, आणि निर्मात्याचा आवळाही जातो.

फुकट न देता नुसते स्वस्त केले तर काय होते, याचाही दाखला आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी भारतातल्या मल्टिप्लेक्स संघटनेने राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून चार हजारांवर पडद्यांवर ७५ रुपयांत तिकीट दिले. त्या एका दिवसात सुमारे ६५ लाख प्रेक्षक आले. इथे जर्मनीतही त्याच महिन्यात, १० आणि ११ सप्टेंबरला, देशभर पाच युरोत सिनेमा दाखवण्यात आला. लोकांना सिनेमा नको झालेला नाही, दर जड झाला आहे, हे दोन्हीकडे दिसले. शिवाय ७५ रुपये असोत की पाच युरो, माणूस स्वतःच्या खिशात हात घालून आला होता. ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते आता पाहू.

३. शून्याची ओढ आणि भरलेल्या पैशाची लाज

२००७ साली क्रिस्टिना शाम्पानिएर, नीना मझार आणि डॅन एरिएली या संशोधकांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. दोन चॉकलेटे समोर ठेवली. एक उंची, किंमत १५ सेंट, आणि एक साधे, किंमत एक सेंट. घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांनी उंची चॉकलेट घेतले. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली. उंची १४ सेंट, साधे फुकट. किमतीतला फरक तोच, १४ सेंट. पण आता ६९ टक्के लोकांनी फुकटचे साधे चॉकलेट उचलले! शून्य दिसले की आपली तुलना करण्याची बुद्धी थांबते, असा त्याचा अर्थ.

दुसरा प्रयोग त्याहून जुना, १९८५ साली प्रसिद्ध झालेला, हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांचा. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटे घ्यायला आलेल्या साठ जणांपैकी काहींना पूर्ण किमतीत, म्हणजे १५ डॉलरला तिकीट दिले. काहींना दोन डॉलर आणि काहींना सात डॉलर सूट दिली. सूट कोणाला मिळेल ते चिठ्ठीसारखे ठरवलेले, आवडीनिवडीवर नाही. हंगामाच्या पहिल्या पाच नाटकांना पूर्ण पैसे भरलेले लोक सरासरी चाराहून अधिक वेळा आले, तर सूट मिळालेले सव्वातीनच्या आसपास. पैसे भरले की "वाया कशाला घालवा" म्हणून माणूस पाऊसपाण्यातही घराबाहेर पडतो. सूट मिळाली की कंटाळा लवकर येतो. फुकटाची तर बातच नको.

आपल्यापैकी ज्यांनी मंडळाच्या दारात उभे राहून तिकिटे तपासली आहेत त्यांना हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. पासांचे नाव घेऊन राखलेल्या खुर्च्या रिकाम्या, आणि दाराशी पैसे घेऊन आलेल्या कुटुंबाला "जागा नाही" म्हणून परत पाठवलेले, हे दृश्य मी झिंडेलफिंगेन परिसरात एकाहून अधिक कार्यक्रमांत पाहिले आहे.

४. मूव्हीपास: शेअर घेणाऱ्यांसाठी धडा

फुकटाच्या मोहात केवळ प्रेक्षकच पडतात असे नाही, गुंतवणूकदारही पडतात. अमेरिकेत मूव्हीपास नावाची कंपनी होती. ऑगस्ट २०१७ मध्ये तिने जाहीर केले की महिन्याला ९ डॉलर ९५ सेंट भरा आणि रोज एक सिनेमा पाहा. अमेरिकेत अनेक शहरांत एका तिकिटालाच तेवढे पैसे पडत. म्हणजे महिन्यातला दुसरा सिनेमा जवळजवळ फुकटच. जून २०१८ पर्यंत तीस लाखांवर सभासद झाले. पण सिनेमागृहांना कंपनी बहुतेक तिकिटांचे पूर्ण पैसे मोजत होती. जितके सभासद अधिक आणि जितके हौशी, तितका तोटा मोठा. जुलै २०१८ मध्ये पैसे संपून सेवाच बंद पडली आणि तातडीचे कर्ज काढावे लागले. त्याच महिन्यात मालक कंपनीने २५० शेअरांचा एक शेअर केला. १४ सप्टेंबर २०१९ ला सेवा थांबली, जानेवारी २०२० मध्ये दिवाळे निघाले. कंपनीच्या दोन प्रमुखांनी पुढे गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल केला.

त्या तीस लाखांच्या तिकिटांचे पैसे कोणी भरले? बहुतांशी त्या शेअर घेणाऱ्यांनी. म्हणून कोणतीही कंपनी खर्चापेक्षा कमी दरात काही वाटत असेल तर ग्राहक म्हणून खुशाल लाभ घ्या. पण तिचे शेअर घेण्याआधी "ही तूट कोण आणि किती दिवस भरणार?" एवढे विचारा. 'सभासदसंख्या झपाट्याने वाढत आहे' हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

५. घरचा हिशेब

आता आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी येऊ. जर्मनीत राहणाऱ्या कुटुंबाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

*वर्गणीबरोबरची तिकिटे.* माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने एका नियतकालिकाची वर्गणी दोन सिनेमा-कूपनांसाठी घेतली. कूपने मुदतीत वापरली गेली नाहीत, वर्गणी मात्र चालू राहिली. अशा वेळी कायदा आपल्या बाजूने बराच आहे. घरबसल्या, म्हणजे इंटरनेटवर किंवा फोनवर, केलेला करार साधारणपणे चौदा दिवसांत कारण न देता मागे घेता येतो. १ मार्च २०२२ नंतर केलेल्या वर्गणीच्या करारांची पहिली मुदत संपल्यावर तो आपोआप आणखी वर्षभरासाठी वाढत नाही. तो बेमुदत चालू राहतो आणि एका महिन्याच्या सूचनेने बंद करता येतो. तेव्हा कूपन हातात पडताच कॅलेंडरवर दोन तारखा लिहा: कूपनाची मुदत आणि करार बंद करण्याची तारीख.

*कूपनाची मुदत.* पैसे देऊन घेतलेल्या भेटपत्रावर वेगळी मुदत ठरलेली नसेल तर ते घेतलेल्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षे चालते. जाहिरात म्हणून फुकट वाटलेल्या कूपनाला हा नियम लागू पडेलच असे नाही. त्याची मुदत देणारा ठरवतो.

*सोडत.* सोडतीच्या अर्जात तिकिटाची किंमत आपण नाव, पत्ता, फोन आणि जन्मतारीख देऊन मोजतो. तळाशी एक छोटा चौकोन असतो, त्यात खूण केली की जाहिरातीचे फोन सुरू. ही संमती दिली असली तरी केव्हाही मागे घेता येते. मुलांच्या नावाने असे अर्ज भरू नयेत हे उत्तम.

*नोकरीतून मिळणारी भेटपत्रे.* हे मात्र खरेच पौष्टिक! मालक कर्मचाऱ्याला पगाराशिवाय वस्तुरूपाने महिन्याला ५० युरोपर्यंत करमुक्त देऊ शकतो. २०२२ पूर्वी ही मर्यादा ४४ युरो होती. सिनेमाची भेटपत्रे त्यात बसू शकतात. पण ही कडक सीमा आहे. एका सेंटाने ओलांडली तरी सगळ्या रकमेवर कर लागतो. वाढदिवसासारख्या वैयक्तिक प्रसंगाची ६० युरोपर्यंतची भेट वेगळी धरतात. आपल्या कारखान्यात किंवा कचेरीत अशी सोय असेल तर चौकशी करावी.

*सरकारी मदत.* जून २०२३ पासून जर्मनीत त्या वर्षी अठरा पुरे करणाऱ्या मुलामुलींना 'कुल्टूरपास'वर २०० युरो मिळत, पुढच्या वर्षी ते १०० झाले. पुस्तके, सिनेमा, नाटक यांवर ते खर्चता येत, आणि जर्मन नागरिकत्वाची अट नव्हती. ही योजना २०२५ च्या अखेरीस संपली. तिचा उल्लेख अशासाठी की तिथे पैसे सरकारने, म्हणजे करदात्यांनी, उघडपणे भरले होते. तरीही अशी योजना कायम राहील असे धरून घरचे अंदाजपत्रक करू नये.

*खाण्याचा खर्च.* तिकिटातला मोठा वाटा वितरकाकडे जातो, पण पॉपकॉर्न आणि पेयांचा नफा सिनेमागृह स्वतःकडे ठेवते. म्हणून फुकट तिकिटावर आलेला प्रेक्षकही त्यांना हवाच असतो. दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला, असे होऊ नये. शिवाय हे आरोग्याचेही पान आहे म्हणून सांगतो. साध्या कोलाच्या अर्ध्या लिटरच्या पेल्यात सुमारे ५३ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात अशी वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्य तर २५ ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगते. मुलांना त्याहून कमी. घरून नीट जेवून निघावे आणि मध्यंतरात पाणी प्यावे. तिकीट फुकट असो वा विकत, हा सल्ला दोन्हींना लागू.

आणि खरेच काटकसर करायची असेल तर सोडतीच्या मागे लागण्यापेक्षा अनेक सिनेमागृहांचा आठवड्यातला स्वस्त वार, म्हणजे किनोटाग, गाठावा. अट नाही, अर्ज नाही, नाव-पत्ता देणे नाही.

६. मंडळाचा खेळ

शेवटचा मुद्दा सर्वांत जवळचा. मराठी चित्रपट आपल्या परिसरात दाखवायचा म्हटले की बहुधा मंडळालाच पुढाकार घ्यावा लागतो. लेओनबर्गसारख्या जवळच्या गावी जगातल्या सर्वांत मोठ्या पडद्यांपैकी एक आहे, श्टुटगार्टला २००४ पासून भारतीय चित्रपट महोत्सव भरत आला आहे, आणि श्टुटगार्ट-मुंबई ही तर १९६८ पासूनची भगिनी शहरे. तरी नवा मराठी चित्रपट इथल्या पडद्यावर आपोआप येत नाही. खुर्च्या विकल्या जातील असा भरवसा वितरकाला द्यावा लागतो.

आधी कायद्याचे बोलू. "आपण पैसेच घेणार नाही, मग परवानगी कशाला?" असे पुष्कळदा विचारले जाते. जर्मनीच्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपट जाहीरपणे दाखवायला हक्कदाराची संमती नेहमीच लागते, प्रवेश मोफत असला तरीही. घरी पाहण्यासाठी घेतलेली डीव्हीडी किंवा ओटीटीची वर्गणी सभागृहात चालत नाही. दुसरे, ज्या चित्रपटाला इथल्या एफएसकेचा वयोगटाचा शिक्का मिळालेला नाही, तो जाहीर खेळात अठरा वर्षांखालील मुलांना दाखवता येत नाही. थेट भारतातून आणलेल्या मराठी चित्रपटाला हा शिक्का असेलच असे नाही. मुलांसाठी म्हणून केलेला खेळ मुलांनाच बंद, असे होऊ नये म्हणून ही चौकशी सभागृह ठरवण्याआधी करावी.

आता पैशांचे. पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत. समजा १२० खुर्च्यांचे सिनेमागृह ६०० युरोत मिळाले, चित्रपटाचे ठोक शुल्क ५००, पत्रके वगैरे ४०. एकूण ११४० युरो. तिकीट १२ युरो ठेवले तर ९५ तिकिटे विकली गेली की खर्च निघाला. उरल्या २५ खुर्च्या.

आता कार्यकर्ते, जुने सभासद, जाहिरातदार आणि ओळखीचे अशा ४० जणांना पास दिले. हे सगळे एरवी तिकीट काढून आले असते. विकायला राहिल्या ८० खुर्च्या. सगळ्या विकल्या तरी ९६० युरो. तोटा १८० युरो, आणि तो जाणार मंडळाच्या तिजोरीतून, म्हणजे सभासदांच्या वर्गणीतून. आयजीच्या जिवावर बायजी उदार! पास वाटणाऱ्याला वाटते मी दिले. दिलेले असते सर्वांनी मिळून.

उलट, ९५ तिकिटे आधी विकली आणि उरलेल्या २५ खुर्च्यांवर अशा लोकांना बोलावले जे एरवी आलेच नसते: नुकतीच आलेली कुटुंबे, विद्यार्थी, शेजारची जर्मन मंडळी, मुलांच्या वर्गातले मित्र. यात तोटा शून्य. त्यांतली पाच कुटुंबे पुढच्या वेळी तीन-तीन तिकिटे काढून आली तर १५ गुणिले १२, म्हणजे १८० युरो. तीच रक्कम, पण या वेळी जमेच्या बाजूला.

म्हणून मंडळांनी पुढील पद्धत करून पाहावी असे मला वाटते:

(१) मोफत खुर्च्यांची संख्या आधी ठरवून कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहावी, आणि हिशेबात त्या किती युरोच्या हे दाखवावे.

(२) कार्यकर्त्यांनीही तिकीट काढावे. राबणाऱ्यांचे आभार मानायचे तर चहा-फराळ मंडळातर्फे द्यावा.

(३) मोफत जागेसाठी नाव नोंदवताना तीन युरो अनामत घ्यावी आणि दाराशी परत द्यावी. ओहायोचा प्रयोग आठवा. थोडे पैसे अडकले की माणूस येतो.

(४) 'एक तिकीट जास्तीचे' अशी सोय ठेवावी. ज्याला शक्य असेल त्याने विद्यार्थ्यासाठी एक तिकीट विकत घ्यावे. २०२३ साली अमेरिकेत 'साउंड ऑफ फ्रीडम' या चित्रपटाने हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला. चित्रपट संपल्यावर प्रेक्षकांना अनोळखी लोकांसाठी तिकिटाचे पैसे भरायचे आवाहन केले जाई. सुमारे दीड कोटी डॉलरच्या या चित्रपटाने अमेरिकेत अठरा कोटींवर धंदा केला. मात्र विकलेल्या खुर्च्या काही ठिकाणी रिकाम्या दिसल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या. म्हणून आपल्याकडे तिकीट ज्याच्यासाठी घेतले त्याला आधी फोन करून विचारावे.

(५) खेळानंतर किती तिकिटे विकली आणि किती मोफत दिली, हे दोन आकडे वेगळे लिहून ठेवावेत आणि वितरकाला प्रामाणिकपणे विकलेला आकडा सांगावा. पुढचा चित्रपट त्या आकड्यावर येणार आहे.

आपल्या मुलांच्या कानावर मराठी पडण्याचे प्रसंग इथे मुळात थोडे. मोठ्या पडद्यावर, भरल्या सभागृहात, शंभर माणसे एका मराठी विनोदावर एकदम हसताहेत हा अनुभव त्यांना घरच्या दूरचित्रवाणीवर मिळणार नाही. बारा युरोत तो मिळत असेल तर ते तिकीट महाग नाही. आणि ज्या घरी खरोखर ते बारा युरो जड असतील, त्यांच्यासाठीच ती मोफत खुर्ची राखून ठेवायची आहे. बाकीच्यांनी ती अडवू नये.

तात्पर्य, फुकट तिकीट घेताना तीन प्रश्न: पैसे कोणी भरले? त्याला माझ्याकडून काय हवे आहे? ते द्यायची माझी तयारी आहे का? आणि देताना एकच प्रश्न: हा माणूस एरवी आला असता का?

आपल्या गावच्या मंडळाचा याबाबतचा अनुभव वेगळा असेल तर हिशेबासकट जरूर लिहून पाठवा. या पानाच्या वाचकांना त्याचा उपयोग होईल.